विरोधकाची खुर्ची

राजकारणातल्या रोजच्या भांडणाचा वीट आलेल्या माणसाला एक स्वप्न हमखास पडते. दोन्हीकडची बरी माणसे एकत्र आली तर? एका पक्षातला शहाणा, दुसऱ्या पक्षातला सभ्य, आणि त्यांच्या मागे सगळा देश. अमेरिकेत हे स्वप्न दर चार वर्षांनी नव्याने पडते. अध्यक्षपदाला एका पक्षाचा माणूस, उपाध्यक्षपदाला दुसऱ्या पक्षाचा, अशी जोडी उभी करायची आणि दोन्ही पक्षांतल्या कडव्या मंडळींना घरी बसवायचे, असा तो बेत असतो. २०२४च्या निवडणुकीआधी ‘नो लेबल्स’ नावाच्या संघटनेने या बेतासाठी पैसा उभा केला, अनेक राज्यांच्या मतपत्रिकेवर जागा मिळवली आणि मग ती उमेदवार शोधायला निघाली. पश्चिम व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन उभे राहिले नाहीत. मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी सिनेटची निवडणूक पसंत केली. एप्रिल २०२४मध्ये संघटनेने हात टेकले. मतपत्रिकेवर जागा होती, पण तिथे लिहायला नाव नव्हते. त्याआधी २००८च्या तोंडावर ‘युनिटी ०८’ आणि २०१२मध्ये ‘अमेरिकन्स इलेक्ट’ यांचीही अशीच गत झाली होती.

नगर जिल्ह्यात राहून राजकारण पाहणाऱ्याला हा सगळा खटाटोप थोडा गमतीचा वाटतो. जिल्ह्याचे नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झाले, पण त्याची राजकीय रीत जुनीच आहे. आमच्याकडे दोन पक्षांची जोडी जमवायला संघटना काढावी लागत नाही. पुष्कळदा लग्नाची पत्रिका पुरते. अमेरिकेत दोन पक्षांमधली भिंत इतकी उंच झाली आहे की लोकांना दाराची स्वप्ने पडतात. नगरमध्ये ती इतकी ठेंगणी आहे की पुढारी ती सहज ओलांडतात, आणि भिंत नेमकी कुठे होती हे मतदाराला शोधावे लागते. म्हणून अमेरिकेच्या त्या स्वप्नाचे भवितव्य काय, हा प्रश्न नगरमधून पाहिला तर वेगळा दिसतो. एकी होईल का, हे विचारण्याआधी एकी झाल्यावर काय होते ते इथे पाहायला मिळते.

आधी अमेरिकेचा अनुभव पाहू. गंमत अशी की दोन विरोधकांना एकाच राज्यकारभारात बसवण्याची सोय अमेरिकेच्या मूळ घटनेतच झाली होती. तेव्हा प्रत्येक निर्वाचक दोन नावांना मत देई. सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष होई, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. घटनाकारांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते. १७९६मध्ये फेडरलिस्ट जॉन अॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. पुढची चार वर्षे देशाचा उपाध्यक्ष आपल्याच अध्यक्षाच्या धोरणाविरुद्ध काम करीत होता. अॅडम्स सरकारच्या परकीय नागरिक आणि राजद्रोहविषयक कायद्यांविरुद्ध १७९८मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने ठराव केले. त्यांचा मसुदा जेफरसन यांनी गुपचूप लिहिला होता. १८००च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांचेच सहकारी अॅरन बर यांना सारखी मते पडली आणि प्रतिनिधिगृहाला छत्तीस वेळा मतदान घेऊन कोंडी फोडावी लागली. १८०४मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची मते वेगळी केली. दोन टोकांच्या माणसांना एकत्र बसवण्याचा प्रयोग अमेरिकेने आठ वर्षांत असा गुंडाळला.

दुसऱ्यांदा ही जोडी जाणूनबुजून जमवली गेली ती १८६४मध्ये. यादवी युद्ध चालू होते. रिपब्लिकन अब्राहम लिंकन यांनी ‘नॅशनल युनियन’ या नावाखाली निवडणूक लढवली. आधीचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन यांना बाजूला सारून टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन सोबतीला घेतले गेले. फुटून निघालेल्या राज्यांपैकी एका राज्याचा हा सिनेटर संघराज्याशी एकनिष्ठ राहिला होता, म्हणून निवड चपखल वाटली. जोडी जिंकली. मार्च १८६५मध्ये शपथविधी झाला आणि सहा आठवड्यांत लिंकन यांची हत्या झाली. आता अध्यक्ष जॉन्सन होते. संघराज्य टिकावे यावर दोघांचे एकमत होते. टिकलेल्या संघराज्यात मुक्त झालेल्या गुलामांचे स्थान काय, यावर कधी बोलणेच झाले नव्हते. जॉन्सन यांनी १८६६चे नागरी हक्कांचे विधेयक नकाराधिकाराने अडवले, काँग्रेसने ते त्यांच्या डोक्यावरून मंजूर केले. १८६८मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालला आणि ते एका मताने वाचले. एकजुटीच्या त्या उमेदवारीची किंमत जॉन्सन यांनी फार मोजली नाही; ती दक्षिणेतल्या नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली.

आजच्या काळात तर नुसते गणितच या स्वप्नाच्या आड येते. अध्यक्ष निवडणारे ५३८ निर्वाचक. जिंकायला २७० हवेत. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस राज्यांत ज्याला जास्त मते त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. १९९२मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के लोकांनी मते दिली आणि निर्वाचक मिळाला एकही नाही. कुणालाच २७० मिळाले नाहीत तर निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो. तिथे प्रत्येक राज्याला एक मत, लहान-मोठे सगळे सारखे, आणि त्या गृहात सदस्य असतात ते याच दोन पक्षांचे. म्हणजे दोन्ही पक्षांना कंटाळून निघालेली जोडी फार तर इतके करू शकते की निवड पुन्हा त्याच दोन पक्षांच्या हाती सोपवायची. पक्षाच्या आतून वाट काढावी, तर तीही बंद. २००८मध्ये जॉन मॅकेन यांना सोबतीला जो लिबरमन हवे होते. तेच लिबरमन, जे २०००मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. पक्ष हे सहन करणार नाही असे सल्लागारांनी बजावले आणि सारा पेलिन यांचे नाव पुढे आले. आपल्या मनाचे ऐकायला हवे होते, अशी खंत मॅकेन यांनी अखेरच्या पुस्तकात नोंदवून ठेवली.

म्हणजे अमेरिकेत ही जोडी होणे अवघड, झाली तर जिंकणे त्याहून अवघड, आणि जिंकली तर नांदणे सर्वांत अवघड. नगरच्या इतिहासात मात्र पहिल्या दोन अडचणी फारशा आल्या नाहीत. तिसरीने आम्हालाही सोडले नाही.

सोळाव्या शतकातली गोष्ट पाहा. निजामशाहीची नगर ही राजधानी आणि विजापूरची आदिलशाही तिची कायमची वैरीण; सोलापूरचा किल्ला हे दोघींच्या भांडणाचे जुने कारण. विजयनगरच्या रामरायाला सोबत घेऊन आदिलशहाने नगरच्या मुलखात धुमाकूळ घातलेला होता. पुढे रामराय दोघांनाही जड झाला, तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत सोलापूरही दिले. उलट आदिलशहाची बहीण निजामशहाच्या मुलाच्या घरात आली. गोवळकोंडा आणि बीदर सोबत आले आणि जानेवारी १५६५मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला. शत्रू संपला, तसे सोयऱ्यांमधले कामही संपले. फार वर्षे जायच्या आत नगर आणि विजापूर पुन्हा एकमेकांवर चालून गेले.

तीच चांदबिबी १५९५मध्ये माहेरचा किल्ला राखायला उभी राहिली. दरबारात गट पडलेले. त्यातल्याच एकाने मोगलांना बोलावलेले. तिने फुटलेला तट रातोरात बांधून काढला, विजापूर-गोवळकोंड्याची कुमक मागवली आणि अखेर वऱ्हाड देऊन किल्ला वाचवला. १६००मध्ये मोगल पुन्हा आले. आता लढून निभाव लागणार नाही, बोलणी करावीत, असे तिचे मत पडले. ती शत्रूला मिळाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. त्यानंतर किल्ला पडला. तडजोड करणाऱ्याला दोन्ही बाजूंचा संशय वाट्याला येतो. अमेरिकेतल्या मधल्या वाटेच्या माणसांना आज पक्षांतर्गत निवडणुकीत नेमके हेच भोगावे लागते. सुदैवाने तिथे फक्त उमेदवारी जाते.

राजघराणी गेली, सोयरीक राहिली. सहकाराने आणि साखरेने घडवलेल्या घराण्यांचा हा जिल्हा. प्रवरा, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे: प्रत्येक भागात एक-दोन घरे, प्रत्येक घराचा कारखाना, शिक्षणसंस्था, बँकेतली खुर्ची. या घरांनी आपसांत मुली दिल्या-घेतल्या आणि पक्ष कुठला का असेना, पंगत एकच राहिली. जिल्ह्यात गमतीने याला सोयऱ्याधायऱ्यांचा पक्ष म्हणतात. राज्यातला कुठलाही पक्ष फुटो, या पक्षाला कधी फूट पडत नाही.

२०१८च्या डिसेंबरात नगर महापालिकेची निवडणूक झाली. शिवसेनेला २४, राष्ट्रवादीला १८, भाजपला १४ आणि काँग्रेसला ५ जागा मिळाल्या. राज्यात तेव्हा भाजप आणि शिवसेना एका सरकारात, राष्ट्रवादी विरोधात. शहराचे महापौर झाले भाजपचे बाबासाहेब वाकळे, आणि त्यांना निवडून दिले राष्ट्रवादीच्या नगरसेवकांनी. तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष दुसऱ्याच्या मदतीने पहिला झाला. राष्ट्रवादीने आपल्या अठरा नगरसेवकांवर हकालपट्टीची कारवाई केली. आणि मार्चमध्ये त्याच शहराचे आमदार संग्राम जगताप यांना पक्षाने लोकसभेची उमेदवारी दिली. त्यांचे सासरे शिवाजी कर्डिले तेव्हा भाजपचे आमदार होते. समोर भाजपचे उमेदवार होते सुजय विखे. ते त्याच महिन्यात काँग्रेसमधून आलेले, आणि त्यांचे वडील राधाकृष्ण विखे त्या वेळी विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते. जूनमध्ये तेही भाजपच्या मंत्रिमंडळात गेले. ज्यांनी सरकारला जाब विचारायचा त्यांच्यासाठी सरकारातच जागा झाली.

जिल्हा सहकारी बँकेत तर याहून शांतपणे काम होते. २०२१च्या संचालक निवडणुकीत एकवीसपैकी सतरा जागा बिनविरोध ठरल्या. काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप, सगळ्यांच्या मोठ्या घरांना त्यात जागा होती. दोन वर्षांनी अध्यक्षपद रिकामे झाले. बहुमत राष्ट्रवादी-काँग्रेसच्या बाजूचे असताना मार्च २०२३मध्ये भाजपचे कर्डिले एका मताने अध्यक्ष झाले. त्याच्या थोडे आधी नाशिक पदवीधर मतदारसंघात एक वेगळा खेळ झाला होता. काँग्रेसने उमेदवारी दिलेल्या डॉ. सुधीर तांबे यांनी अर्जच भरला नाही. त्यांचे पुत्र सत्यजित तांबे अपक्ष उभे राहिले, भाजपने उमेदवार दिला नाही, आणि ते निवडून आले. त्यांचे मामा बाळासाहेब थोरात तेव्हा विधिमंडळात काँग्रेसचे नेते होते.

यात कुणी कायदा मोडला असे मला म्हणायचे नाही. या प्रत्येक घटनेला स्थानिक कारणे होती, काही समजण्याजोगीही होती. पण अमेरिकेतला एखादा उदारमतवादी संपादक हे वाचील तर त्याला वाटेल, हेच तर आम्हाला हवे होते! पक्षापलीकडे पाहणारी माणसे, द्वेषाला जागा नाही, विरोधकाच्या घरी जेवण. त्याला कुणीतरी सांगायला हवे की नगरच्या मतदाराने या एकीचा अर्थ काय घेतला. पाणीपट्टी वाढली, रस्ता खचला, ठेवी अडकल्या, उसाचा भाव कमी मिळाला, तर तक्रार घेऊन जायचे कुणाकडे? ज्याच्याकडे जावे तो त्याच पंगतीला बसलेला असतो. पक्षांतले वैर गेले म्हणून कारभार सुधारला असे झाले नाही. वैर गेले तेव्हा चौकशीही गेली.

हाच प्रश्न गावात आणखी उघडा होतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते, आणि ती बिनविरोध होणे हा गावाचा मान समजला जातो. २०२०च्या अखेरीस पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी जाहीर केले की जे गाव निवडणूक बिनविरोध करील त्याला पंचवीस लाखांचा विकासनिधी. हेतू चांगला असेल. निवडणुकीत गाव फुटते, भावकीत डोकी फुटतात, पैसा आणि दारू वाहते, हे खोटे नाही. पण त्याच हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. देवळासाठी पैसे द्या आणि सरपंचपद घ्या, अशीही बिनविरोध एकी होऊ शकते.

बिनविरोधाच्या बैठकीत अर्ज मागे घ्यायला कुणाला सांगितले जाते, हे पाहिले की तिचा कस कळतो. मोठ्या भावकीचा माणूस क्वचित मागे सरतो. मागे सरतो तो ज्याची घरे थोडी, ज्याला पाटलाच्या विहिरीवरून पाणी घ्यायचे असते, ज्याच्या मुलाला कारखान्यात चिकटायचे असते. महिलेसाठी जागा राखीव असेल तर कोणाच्या सुनेचे नाव घालायचे हे कारभारी ठरवतात. गावात शांतता राहते, यात शंका नाही. तिचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो तेवढे इतिवृत्तात येत नाही. म्हणूनच समंजस गावांत आणखी एक रीत आहे: सरपंच एका गटाचा, उपसरपंच दुसऱ्या गटाचा, नाहीतर अडीच-अडीच वर्षे. अमेरिकेला हव्या असलेल्या जोडीचे हे आमचे गावठी रूप. आणि अडीच वर्षे संपत आली की ‘असे ठरलेच नव्हते’ हे वाक्य गावातही ऐकू येते, २०१९च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्रिपदावरून मुंबईतही ऐकू आले होते.

मग एकी कधीच फळत नाही का? फळते, आणि त्याची उदाहरणेही याच जिल्ह्यात आहेत. हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. १९८९-९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढची तीस वर्षे गावात निवडणूक झाली नाही. पण त्या एकीत पदापेक्षा कामाचा मजकूर मोठा होता. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. उसासारखी पाणीखाऊ पिके लावायची नाहीत. पाऊस किती पडला त्यावरून पिकांचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा. हा हिशेब सगळ्यांसमोर होई आणि नियम सरपंचाच्या विहिरीलाही तोच होता. जानेवारी २०२१मध्ये तिथे तीस वर्षांनी मतदान झाले. काहींना त्याची हळहळ वाटली. पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. मला ते मतदान गावाच्या एकीचा पराभव वाटत नाही. इतक्या वर्षांनी तिची झालेली ती मोजणी होती. मोजल्यावर भरली तीच एकी खरी. त्याच वेळी शेजारच्या पारनेर तालुक्यात अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीतही बहुतेक जागांसाठी मतदान झाले आणि गाव काही बुडाले नाही.

याहून मोठे उदाहरण १९५७चे. फेब्रुवारी १९५६मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एवढेच काय जनसंघ आणि हिंदुमहासभाही तिच्या छत्राखाली आले. समाजवादी एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट डांगे यांचे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर एकमत होणे कठीण. मराठी राज्याच्या एका प्रश्नावर झाले. नगर जिल्हा तेव्हा डाव्यांचा बालेकिल्ला, संगमनेरच्या दत्ता देशमुखांचा. १९५७च्या लोकसभेत नगरमधून मजूर-किसान पक्षाचे र. के. खाडिलकर गेले आणि कोपरगावमधून डॉ. आंबेडकरांचे सहकारी बी. सी. कांबळे. साखर आणि सत्ता यांच्या या पट्ट्यात काँग्रेसला दोन्ही जागा गमावाव्या लागल्या. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. मग समितीला एकत्र ठेवणारे काही उरले नाही. तिबेट, चीन, नेतृत्व, सगळी भांडणे वर आली. १९६२च्या विधानसभेत २६४पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. खाडिलकर स्वतः काँग्रेसमध्ये गेले आणि पुढे लोकसभेचे उपाध्यक्ष झाले.

समिती फुटली म्हणून तिला अपयशी म्हणण्याची चाल आहे. मला ती मान्य नाही. तिने एक काम अंगावर घेतले, लोकांना ते काम सांगून मते मागितली, सत्तेत बसलेल्या बलाढ्य पक्षासमोर विरोधक म्हणून ती उभी राहिली, आणि काम झाल्यावर संपली. संपणे हाच तिचा प्रामाणिकपणा. ती चालू राहिली असती तर आणखी एक सोयऱ्याधायऱ्यांचा पक्ष झाली असती.

नगरच्या भुईकोट किल्ल्यातही अशीच एक जोडलेली मंडळी राहून गेली. ऑगस्ट १९४२मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य इथे स्थानबद्ध झाले: नेहरू, आझाद, पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आसफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष. एकाच अंगणात बागकाम, बॅडमिंटन आणि वाद चालत. नेहरूंनी इथेच १९४४मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि ते या सहबंद्यांना अर्पण केले. समाजवादी आणि गांधीवादी, एकेकाळचे क्रांतिकारक आणि उर्दूचे पंडित, सगळे एका कुलपाआड. कुलूप निघाले आणि वाटा फुटल्या. नरेंद्र देव १९४८मध्ये समाजवाद्यांबरोबर काँग्रेसबाहेर पडले, कृपलानींनी १९५१मध्ये किसान मजदूर प्रजा पक्ष काढला, घोष आणि महताब यांनीही पुढे वेगळ्या चुली मांडल्या. तुरुंगातल्या एकीचा हा अपमान झाला असे कुणी म्हणत नाही. परकी सत्ता घालवायला एकत्र आलेली माणसे स्वराज्यात वेगळी झाली नसती तर मतदाराला निवडायला काय उरले असते?

या बारांपैकी नेहरू आणि पटेल यांनी १९४७मध्ये बनवलेले मंत्रिमंडळ हाच आपल्याकडचा एकजुटीचा खरा मोठा प्रयोग. काँग्रेसवर आयुष्यभर टीका केलेले डॉ. आंबेडकर कायदामंत्री, हिंदुमहासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योगमंत्री, जस्टिस पक्षाच्या वळणाचे षण्मुखम चेट्टी अर्थमंत्री, अकाली बलदेव सिंग संरक्षणमंत्री. फाळणीच्या आगीत देश उभा करायचा आणि राज्यघटना लिहायची, हे काम होते. काम झाले, मतभेद वाढले. मुखर्जी १९५०मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी जनसंघ काढला. आंबेडकरांनी १९५१मध्ये राजीनामा दिला, हिंदू कोड बिलाची झालेली उपेक्षा हे त्यामागचे एक मोठे कारण, आणि निवेदन प्रसिद्ध करून ती कारणे देशापुढे मांडली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हे दोघे काँग्रेसच्या विरोधात उभे होते. एकी संपली कशी याचा हा आदर्श नमुना: कारण सांगून, दिवसाउजेडी, आणि पुन्हा मतदाराकडे जाऊन.

आता अमेरिकेच्या स्वप्नाकडे वळू. ते फसते याचे कारण नुसते २७०चे गणित नाही. ‘नो लेबल्स’ने लोकांना सांगितले की दोन्ही पक्षांचा कंटाळा आला असेल तर आमच्याकडे या. पण आल्यावर गर्भपाताचा कायदा, बंदुका, सरहद्दीवरून येणारे लोक, श्रीमंतांवरचा कर यांचे काय करायचे, हे सांगताना आवाज खाली जातो. भांडण माणसांच्या स्वभावातून उगवले असते तर सभ्य माणसे एकत्र आल्याने मिटले असते. ते हितसंबंधांतून आणि मूल्यांतून उगवलेले आहे. ज्याचा हक्क पणाला लागला आहे त्याला मधली वाट म्हणजे अर्धा हक्क गमावणे वाटते, आणि १८६६ साली टेनेसीतल्या कृष्णवर्णीय शेतमजुराला ते वाटणे रास्तच होते.

म्हणून माझा कौल असा. दोन पक्षांची मिळून अध्यक्षीय जोडी अमेरिकेत नजीकच्या काळात निवडून येणार नाही. शांततेच्या काळात तर नाहीच. फार मोठे संकट आले, देशच टिकतो की नाही असा प्रसंग आला, तर १८६४सारखी ती पुन्हा उभी राहू शकेल. तेव्हा अमेरिकन मतदाराने तिला तीन गोष्टी विचाराव्यात. काम नेमके कोणते? मुदत किती? आणि तुम्ही दोघे एकत्र आल्यावर विरोधात बसणार कोण? लिंकन-जॉन्सन जोडीला दुसरा आणि तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याहून सोपी वाटही अमेरिकेने आधीच चालून पाहिली आहे: १९४०मध्ये रूझवेल्ट यांनी हेन्री स्टिमसन आणि फ्रँक नॉक्स या दोन रिपब्लिकनांना युद्ध आणि नौदल ही खाती दिली. काम ठरलेले होते, माणसे त्या कामाची होती, आणि रिपब्लिकन पक्ष आपल्या जागी विरोधात राहिला. एकाच मतपत्रिकेवर दोन पक्ष बसवण्यापेक्षा हे कमी आकर्षक दिसते, पण टिकते.

नगरच्या मतदारालाही हेच तीन प्रश्न लागू आहेत, आणि त्याला ते अमेरिकनापेक्षा जास्त वेळा विचारता येतात. कारखान्याचे पॅनेल, बँकेचे संचालक मंडळ, सोसायटी, ग्रामपंचायत, पालिका: दर वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी हात जोडून सांगायला येतो की आता सगळे एकत्र आलो आहोत, निवडणुकीचा खर्च कशाला. त्याला चहा द्यावा, आणि काम, मुदत, विरोधात कोण, या तिन्हींची उत्तरे ग्रामसभेत सगळ्यांसमोर मागावीत. उत्तरे लेखी मिळाली, तर एकीला खुशाल पाठिंबा द्यावा. हिवरे बाजारने काय मिळवले ते सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरे टाळली गेली, तर गावातल्या कुणीतरी अर्ज भरावा आणि तो मागे घेऊ नये. तो हरला तरी चालेल. पाच वर्षे हिशेब विचारायला गावात एक माणूस राहील, आणि विरोधकाच्या खुर्चीचे काम तेवढेच असते.